इलेक्ट्रॉनाचे गुरुत्वीय आकार-गुणक : एका संज्ञेचा आणि एका प्रश्नाचा इतिहास

शास्त्रीय परिभाषेतील शब्द बहुधा एका विशिष्ट प्रसंगी, एका विशिष्ट वस्तूसाठी योजले जातात. परंतु ते त्या वस्तूपाशी थांबत नाहीत. गणिती सूत्रांत साम्य दिसले की जुना शब्द नव्या वस्तूला लावण्यात येतो, आणि त्या शब्दाबरोबर जुन्या वस्तूचे चित्रही नकळत नव्या वस्तूवर आरोपित होते. हे आरोपण कोठपर्यंत न्याय्य आणि कोठून पुढे भ्रामक, याचा निर्णय केवळ शब्दार्थाच्या चर्चेने होत नाही; त्यासाठी त्या विषयातील गणितालाच साक्षीस बोलवावे लागते. भौतिकशास्त्रातील 'फॉर्म फॅक्टर' किंवा 'आकार-गुणक' ही संज्ञा याचे उत्तम उदाहरण होय. ज्याला निःसंशय आकार आहे अशा अणूसाठी ती प्रथम रूढ झाली. तेथून ती अणुकेंद्राला, प्रोटॉनाला आणि अखेरीस ज्याला कोणताही आकार आढळलेला नाही अशा इलेक्ट्रॉनालाही लागू करण्यात आली. इतकेच नव्हे, तर २१ व्या शतकात इलेक्ट्रॉनाच्या 'गुरुत्वीय' आकार-गुणकांच्या द्वारे त्याच्या 'अंतर्गत दाबा'विषयीही लिहिले जाऊ लागले. बिंदूच्या अंतरंगात दाब कसला, हा प्रश्न कोणाही विचारी वाचकाच्या मनात उद्भवेल. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा आहे.

१. इलेक्ट्रॉनाला आकार होता तो काळ

इलेक्ट्रॉनाच्या अंतर्गत दाबाचा विचार अगदी नवा आहे असे मानणे चुकीचे ठरेल. प्रत्यक्ष इलेक्ट्रॉनाचा शोध लागण्यापूर्वीच, १८८१ साली, जे. जे. टॉमसन यांनी असे दाखविले होते की विद्युत्भारित गोल गतिमान झाला असता त्याचे जडत्व वाढल्यासारखे भासते. कारण गोलाबरोबर त्याचे विद्युत्क्षेत्रही ओढून न्यावे लागते. १८९७ साली टॉमसन यांच्याच प्रयोगांनी इलेक्ट्रॉनाचे अस्तित्व सिद्ध झाल्यावर, त्याचे सर्वच वस्तुमान या क्षेत्रापासून उत्पन्न होत असावे काय, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. गटिंगेन येथे माक्स आब्राहाम यांनी १९०२ च्या सुमारास इलेक्ट्रॉन हा एक दृढ गोल मानून या कल्पनेचा गणिती विस्तार केला. लायडन येथील लोरेंट्स यांनी १९०४ साली गतीच्या दिशेने आकुंचन पावणारा इलेक्ट्रॉन कल्पिला.

लोरेंट्स यांच्या कल्पनेतील एक उणीव आब्राहाम यांच्या ध्यानात आली. समान भाराचे अंश परस्परांना दूर लोटतात. मग आकुंचन पावू शकणारा, म्हणजेच दृढ नसलेला हा भारगोल फुटून का जात नाही? शिवाय क्षेत्राच्या ऊर्जेवरून काढलेले वस्तुमान आणि क्षेत्राच्या संवेगावरून काढलेले वस्तुमान यांचा मेळ बसत नव्हता. दुसरे पहिल्याच्या चार-तृतीयांश येत होते. या अडचणीवर आंरी प्वँकारे यांनी १९०५ सालच्या एका संक्षिप्त टिपणात आणि १९०६ साली पालेर्मो येथील गणितपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या विस्तृत निबंधात उपाय सुचविला. भाराच्या परस्पर-प्रतिसारणाला तोलून धरणारे, विद्युत्चुंबकीय नसलेले एक प्रतिबल इलेक्ट्रॉनाच्या ठायी असले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. पुढे ते 'प्वँकारे प्रतिबल' या नावाने प्रसिद्ध झाले. १९११ साली माक्स फॉन लावे यांनी या विचाराला व्यापक रूप दिले. बाह्य आधारावाचून स्थिर असलेल्या कोणत्याही संहतीत अंतर्गत प्रतिबलांची संपूर्ण अवकाशावरील बेरीज शून्य झाली पाहिजे. म्हणजे एके ठिकाणी दाब असेल तर दुसरीकडे त्याची भरपाई करणारा ताण असलाच पाहिजे, अशी ती अट होय. लावे यांची ही अट पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडणार आहे.

या साऱ्या विचारात इलेक्ट्रॉनाला एक त्रिज्या गृहीत होती. वस्तुमान केवळ क्षेत्रापासून येते असे मानल्यास ही त्रिज्या सुमारे २.८ फर्मी येते. फर्मी म्हणजे मिलिमीटरचा लाख-कोटीवा भाग. हिला आजही 'अभिजात इलेक्ट्रॉन-त्रिज्या' म्हणतात. परंतु ती आता केवळ लांबीचे एक सोयीचे माप म्हणून उरली आहे. टक्करींच्या प्रयोगांत फर्मीच्या सहस्रांशापर्यंत शोध घेऊनही इलेक्ट्रॉनाला कोणतीही अंतर्गत रचना आढळलेली नाही. पुंजयामिकीचा उदय झाला आणि १९२८ साली डिरॅक यांचे समीकरण पुढे आले, तेव्हा इलेक्ट्रॉनाचा गोल मागे पडला व त्याबरोबर त्याला काय बांधून ठेवते हा प्रश्नही विस्मृतीत गेला. प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून नव्हे, तर तो विचारण्याची भाषाच उरली नाही म्हणून.

२. संज्ञेचा प्रवास

याच सुमारास दुसऱ्या एका क्षेत्रात 'आकार-गुणक' ही कल्पना आकारास येत होती. स्फटिकावर क्ष-किरण सोडले असता त्यांचे प्रकीर्णन होते. अणूतील इलेक्ट्रॉन एकाच बिंदूत साठविलेले असते तर सर्व दिशांना होणारे प्रकीर्णन त्यांच्या संख्येवरून ठरले असते; परंतु ते अणूच्या विस्तारात पसरलेले असल्यामुळे मोठ्या कोनांत प्रकीर्णन क्षीण होते. ही क्षीणता दाखविणारा गुणक चार्ल्स गाल्टन डार्विन यांच्या १९१४ च्या उपपत्तीत आढळतो. ब्रॅग, जेम्स व बोझँक्वेट यांनी १९२१-२२ मध्ये सैंधव मिठाच्या स्फटिकावरून तो प्रत्यक्ष मोजला आणि सोडियम व क्लोरीन यांच्या अणूंतील इलेक्ट्रॉनांच्या वितरणाविषयी अनुमाने काढली. येथे संज्ञा आणि वस्तू यांचे नाते सरळ आहे. अणूला विस्तार आहे, विस्तारात घनतेचे वितरण आहे, आणि त्या वितरणाचे गणिती रूपांतर म्हणजे आकार-गुणक होय. किरणाला मिळणारा संवेगाचा धक्का जितका मोठा, तितका सूक्ष्म तपशील त्यात दिसतो. धक्का शून्याकडे नेला असता केवळ एकूण संख्या उरते.

१९५० नंतर स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट हॉफ्स्टॅटर यांनी हीच पद्धत अणुकेंद्राकडे व प्रोटॉनाकडे वळविली. क्ष-किरणांची जागा वेगवान इलेक्ट्रॉनांनी घेतली. १९५५-५६ मधील मापनांवरून प्रोटॉन हा बिंदू नसून त्याचा भार सुमारे पाऊण फर्मी त्रिज्येत पसरलेला आहे, असे दिसून आले. या कार्याबद्दल हॉफ्स्टॅटर यांना १९६१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. मात्र येथे संज्ञेच्या अर्थात एक सूक्ष्म पालट घडून आला. प्रोटॉनाला परिवलन असल्यामुळे त्याला एक नव्हे, दोन आकार-गुणक लागतात : एक भाराचा व एक चुंबकीय. शिवाय प्रोटॉन हलका असल्यामुळे धक्का बसताच तो स्वतः मागे सरतो; म्हणून 'धक्क्यापूर्वीचा आकार' आणि 'धक्क्यानंतरचा आकार' यांची सरमिसळ होते. घनतेचे चित्र येथे अंदाजाने खरे आहे, काटेकोरपणे नव्हे. संज्ञा तीच राहिली. तिच्यामागील चित्र मात्र थोडे पुसट झाले.

३. बिंदूचे आकार-गुणक

तिसरी पायरी पुंज विद्युत्गतिकीची. या उपपत्तीत इलेक्ट्रॉन हा मूलतः बिंदूच होय. परंतु तो एकटा कधीच नसतो. तो सतत फोटॉन उत्सर्जित करतो व पुन्हा शोषून घेतो. बाहेरून आलेला फोटॉन जेव्हा त्याचा शोध घेतो तेव्हा या देवाणघेवाणीचाही ठसा त्याला मिळतो, आणि हा ठसा गणितात प्रोटॉनाच्या आकार-गुणकांच्याच साच्यात बसतो. ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ साली काढलेले सुप्रसिद्ध मूल्य, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या चुंबकीय परिबलातील सुमारे ०.००११६ इतकी वाढ, हे दुसऱ्या आकार-गुणकाचे शून्य-धक्क्याच्या सीमेवरील मूल्य होय. सूक्ष्मरचना-स्थिरांकाला, म्हणजे सुमारे १/१३७ या संख्येला, पायच्या दुपटीने भागले असता ते मिळते.

परंतु पहिल्या आकार-गुणकावरून इलेक्ट्रॉनाची 'भार-त्रिज्या' काढू जाता एक विलक्षण अडचण येते. पहिल्या पायरीच्या गणितातच ती अनंत होते. कारण फोटॉनाला वस्तुमान नाही. वाटेल तितक्या अल्प ऊर्जेचे फोटॉन इलेक्ट्रॉनाबरोबर असू शकतात. हायड्रोजनच्या अणूत बद्ध असलेल्या इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत ही अनंतता आपोआप छाटली जाते. म्हणूनच १९४७ साली लँब व रेदरफर्ड यांनी मोजलेल्या ऊर्जापातळ्यांच्या अंतराचे गणित निश्चित उत्तर देते. मुक्त इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत मात्र 'त्रिज्या' हा शब्द डळमळू लागतो. येथे एक भेद स्पष्ट होतो. चुंबकीय परिबल ही एक मोजता येणारी राशी म्हणून उभी राहते. त्रिज्या हे चित्रातून आलेले मागणे असते, आणि ते पुरविले जाईलच असे नाही. पुढील इतिहासात या भेदाचेच पडसाद उमटतात.

४. गुरुत्वाकर्षणाने विचारलेले तीन प्रश्न

आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षणाचा उगम केवळ वस्तुमानात नसून ऊर्जा, संवेग व प्रतिबल या सर्वांत आहे. या राशींची एकत्रित मांडणी म्हणजे ऊर्जा-संवेग प्रदिश होय. तेव्हा फोटॉनाऐवजी गुरुत्वाकर्षणाने एखाद्या कणाचा शोध घेतला तर काय दिसेल? इलेक्ट्रॉनासारख्या अर्ध-परिवलनाच्या कणाच्या बाबतीत उत्तर तीन आकार-गुणकांत मिळते. पहिला ऊर्जा व संवेग यांच्याविषयी, दुसरा कोनीय संवेगाविषयी, आणि तिसरा अंतर्गत प्रतिबलांविषयी. रूढ पद्धतीप्रमाणे तिसऱ्यास 'डी' म्हणतात.

यांपैकी पहिल्या दोहोंची शून्य-धक्क्याची मूल्ये निसर्गनियमांनीच बांधलेली आहेत. एकूण संवेग कणाच्या संवेगाइतका असला पाहिजे व एकूण कोनीय संवेग कणाच्या परिवलनाइतका असला पाहिजे. यातून मॉस्को येथील कोबझारेव्ह व ओकून यांनी १९६२ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला. विद्युत्चुंबकत्वात श्विंगर यांची वाढ जशी आढळते, तशी वाढ गुरुत्वाकर्षणात आढळू शकत नाही. कणाचे 'असंगत गुरुत्वचुंबकीय परिबल' नेमके शून्य असते. कणाची अंतर्गत रचना कितीही गुंतागुंतीची असो, गुरुत्वीय क्षेत्रात त्याचे परिवलन साध्या भोवऱ्याप्रमाणेच वागते. सर्व वस्तू समान त्वरणाने पडतात या सममूल्यता तत्त्वाचे हे परिवलनविषयक रूप म्हणता येईल.

हे शून्य कसे साधते, हे पाहणे उद्बोधक आहे. ब्रॉड्स्की, ह्वांग, मा व श्मिट यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात इलेक्ट्रॉनाचेच उदाहरण घेऊन ते उलगडून दाखविले. देवाणघेवाणीच्या पहिल्या पायरीत इलेक्ट्रॉनाच्या वाट्याला सूक्ष्मरचना-स्थिरांक भागिले पायची तिप्पट, म्हणजे सुमारे ०.०००७७, इतके परिबल येते. फोटॉनाच्या वाट्याला नेमके तितकेच, परंतु उणे चिन्हाचे, परिबल येते. दोहोंची बेरीज शून्य. म्हणजे हे शून्य रिकामे नसून दोन विरुद्ध वाट्यांच्या समतोलाने भरलेले आहे, आणि फोटॉनाचा वाटा विसरल्यास सममूल्यता तत्त्वाचाच भंग होतो.

तिसऱ्या गुणकाची गोष्ट वेगळी. त्याच्या मूल्याला कोणताही अक्षय्यतेचा नियम बांधून ठेवीत नाही. हाइन्झ पेजल्स यांनी १९६६ साली कणांच्या ऊर्जा-संवेग आकार-गुणकांचा पद्धतशीर विचार केला, तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या दुर्बलतेमुळे हे ज्ञान प्रयोगाने मिळण्याची आशा जवळजवळ नाही असेच त्यांना म्हणावे लागले. दोन इलेक्ट्रॉनांमधील विद्युत्-प्रतिसारण त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणापेक्षा एकावर ४२ शून्ये देऊन होणाऱ्या संख्येच्या चौपटीहून अधिक पटींनी प्रबळ असते. एका इलेक्ट्रॉनाचे नुसते पतन पाहणेही किती दुष्कर आहे, याची साक्ष स्टॅनफर्ड येथील विटबोर्न व फेअरबँक यांच्या १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिळते. उभ्या धातूच्या नळीत इलेक्ट्रॉन सोडले असता त्यांच्यावर निव्वळ बल जवळजवळ शून्य आढळले. याचे कारण शिफ व बार्नहिल यांनी १९६६ सालीच दिले होते : नळीच्या धातूतील इलेक्ट्रॉनही गुरुत्वाकर्षणाने किंचित खाली ओढले जातात आणि त्यांच्यामुळे उत्पन्न होणारे विद्युत्क्षेत्र आतील इलेक्ट्रॉनाचे वजन तोलून धरते.

५. दाबाचे पुनरागमन

१९९० नंतर परिस्थिती पालटली. शिआंगदोंग जी यांनी १९९६-९७ मध्ये असे दाखविले की ऊर्जा-संवेग प्रदिशाची मूल्ये मिळविण्यास प्रत्यक्ष गुरुत्वाकर्षणाची गरज नाही. प्रोटॉनावर एक फोटॉन आदळून दुसरा बाहेर पडतो अशा प्रक्रियांतून ती अप्रत्यक्षपणे हाती येऊ शकतात. १९९९ साली पोलियाकोव्ह व वाइस यांनी तिसऱ्या गुणकाला त्याचे आजचे नाव मिळवून दिले. २००३ साली पोलियाकोव्ह यांनी त्याचा अर्थ 'कणातील दाबाचे वितरण' असा लावला. येथे लावे यांची जुनी अट पुन्हा प्रकट होते. दाबाची साधी बेरीज शून्य होते; परंतु केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने प्रत्येक ठिकाणचा दाब गुणून बेरीज केली तर ती शून्य असलीच पाहिजे असे नाही. हीच भारित बेरीज म्हणजे शून्य-धक्क्याच्या सीमेवरील 'डी' होय. अशा रीतीने १९०६ चा प्रश्न शंभर वर्षांनी नव्या वेशात परतला. कण कशाने एकत्र राहतो हे पुन्हा विचारता येऊ लागले. मात्र आता इलेक्ट्रॉनाच्या ठिकाणी प्रोटॉन होता.

अमेरिकेतील जेफर्सन प्रयोगशाळेतील बुर्केर्ट, एलुआद्रिरी व जिरो यांनी २०१८ साली प्रोटॉनाच्या केंद्राजवळील दाब एकावर ३५ शून्ये दिली असता होणाऱ्या संख्येइतके पास्कल असावा, असे अनुमान प्रसिद्ध केले. २०१९ साली कुमेरिचकी यांनी दाखवून दिले की गृहीतके थोडी सैल केल्यास त्या वेळच्या मापनांवरून या गुणकाचे चिन्हसुद्धा निश्चित होत नाही. वादाचा हा एक पदर मापनाचा होता. दुसरा अधिक खोल पदर अर्थाचा होता : जो कण धक्का बसताच सरकतो, ज्याचे स्थान त्याच्या कॉम्प्टन-लांबीहून सूक्ष्मपणे सांगता येत नाही, त्याच्या ठायी बिंदूबिंदूचा दाब सांगणे कितपत सार्थ आहे?

अशा वेळी ज्याचे गणित आरंभापासून अखेरपर्यंत कागदावर करता येते अशा कणाकडे वळणे हा राजमार्ग होय. प्रोटॉनाच्या बाबतीत प्रबल आंतरक्रियेमुळे ते शक्य नाही. इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत आहे. मधल्या पायरीचे प्रयत्नही झाले आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अस्मिता मुखर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली एका ग्लुऑनाने वेष्टित अशा क्वार्काचे गुरुत्वीय आकार-गुणक काढले. त्याची धाटणी फोटॉनाने वेष्टित इलेक्ट्रॉनासारखीच आहे.

६. इलेक्ट्रॉनाची साक्ष

इलेक्ट्रॉनाविषयीचे मूळ गणित तसे जुने होते. बेरेंड्स व गास्टमान्स यांनी १९७६ साली आणि किंबल मिल्टन यांनी १९७७ साली इलेक्ट्रॉनाच्या गुरुत्वीय आंतरक्रियेवरील पुंज विद्युत्गतिकीय परिणाम काढले होते. त्या गणितात धक्क्याच्या घातांकांनी क्रमशः विस्तारता येणाऱ्या पदांबरोबर काही वेगळ्या जातीची पदेही होती. त्यांत संवेग-विनिमयाच्या वर्गाचे वर्गमूळ येत होते. डोनह्यू, होल्स्टाइन, गारब्रेख्ट व कॉन्स्टांडिन यांनी २००२ साली या पदांचा अर्थ उलगडला. ती पदे म्हणजे इलेक्ट्रॉनाभोवती दूरवर पसरलेल्या विद्युत्क्षेत्राचे गुरुत्वाकर्षण होय. राइसनर (१९१६) व नोर्डस्ट्रम (१९१८) यांनी भारित वस्तूच्या भोवतालच्या अवकाशासाठी जी भूमिती काढली होती, तिच्यातील भारावलंबी दुरुस्ती नेमकी या पदांतून बाहेर पडते. तिचा आशय साध्या शब्दांत असा : इलेक्ट्रॉनापासून काही अंतरावर असलेल्या निरीक्षकाला त्याचे संपूर्ण वस्तुमान जाणवत नाही, कारण त्या वस्तुमानाचा थोडा अंश निरीक्षकाच्याही पलीकडे पसरलेल्या क्षेत्रात असतो.

या पार्श्वभूमीवर 'डी'चे काय होते? हडसन व श्वाइट्सर यांनी २०१८ साली दाखविल्याप्रमाणे, कोणतीही आंतरक्रिया नसलेल्या डिरॅक-कणाचा हा गुणक शून्य असतो. म्हणजे इलेक्ट्रॉनाचे जे काही प्रतिबल असेल ते सर्व विद्युत्चुंबकीय आंतरक्रियेचे देणे. २०२० साली वर्मा व श्वाइट्सर यांनी एका अभिजात प्रतिकृतीच्या आधारे, दीर्घ पल्ल्याच्या बलामुळे शून्य-धक्क्याच्या सीमेवर हा गुणक अनंताकडे जातो असे दाखविले. २०२१ साली मेट्झ, पास्क्विनी व रोदिनी यांनी पुंज विद्युत्गतिकीतील गणिताने इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत तेच सिद्ध केले. आणि २०२२-२३ मध्ये फ्रीझ यांच्यासह त्यांनी तिन्ही गुणकांतील इलेक्ट्रॉनाचा व फोटॉनाचा वाटा वेगवेगळा मांडून दाखविला.

या अनंततेचे कारण समजण्यास कठीण गणित लागत नाही. विद्युत्क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्याची ऊर्जा-घनता व प्रतिबल अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतात. दाबाला अंतराच्या वर्गाने गुणावयाचे आणि गोलाकार थराचे घनफळ पुन्हा अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते. तेव्हा चौथा घात चौथ्या घाताला खाऊन टाकतो आणि प्रत्येक थराचा वाटा सारखाच राहतो. जितके दूर जावे तितकी बेरीज वाढत जाते. तिला अंत नाही. याच हिशेबाने ऊर्जेच्या वितरणावरून काढलेली 'वस्तुमान-त्रिज्या'ही अनंत होते. उलट, ऊर्जेची साधी बेरीज करताना अंतराच्या वर्गाची जादा भर नसल्यामुळे दूरच्या थरांचा वाटा झपाट्याने घटतो. म्हणून वस्तुमान सांत राहते आणि त्याची त्रिज्या सांत राहत नाही. फोटॉनाला अत्यल्प जरी वस्तुमान असते तरी क्षेत्र काही अंतरावर विझून गेले असते व हे सर्व प्रमाद टळले असते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. ही अनंतता इलेक्ट्रॉनाच्या केंद्राजवळून येत नाही. इलेक्ट्रॉनाची कॉम्प्टन-लांबी, पायच्या दुपटीने भागून, सुमारे ३८६ फर्मी भरते. अभिजात त्रिज्येच्या ती १३७ पट आहे. याहून कमी अंतरावर दाबाचे बिंदूबिंदूचे चित्र सांगण्यास आधार नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु बेरीज अनंत होते ती या अंतराच्या फार पलीकडे, जेथे मॅक्सवेल यांचे जुने क्षेत्रशास्त्र निःशंकपणे खरे असते. म्हणजे रूपक जेथे वापरण्याचा मोह होतो, त्या अंतरंगात ते लंगडे पडते. आणि जेथे ते खरे ठरते, त्या बाह्य प्रदेशात ते एवढेच सांगते की या वस्तूला कडा नाही.

दुसरा धडा स्थैर्याविषयीचा. प्रोटॉनाच्या चर्चेत अशी एक कसोटी मांडली गेली की स्थिर कणात केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या दिशेचे प्रतिबल सर्वत्र दाबाच्या चिन्हाचे असावे आणि 'डी' ऋण असावा. इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत दोन्ही अपेक्षा फोल ठरतात. बलरेषांच्या दिशेने ताण व आडव्या दिशेने दाब असतो, ही फॅरडे व मॅक्सवेल यांची शिकवण. इलेक्ट्रॉनाच्या बलरेषा सरळ बाहेर जात असल्याने दूर अंतरावर त्या दिशेने ताणच असतो, आणि गुणक धन चिन्हाने अनंताकडे जातो. असे असूनही इलेक्ट्रॉनाइतका स्थिर कण दुसरा दाखविणे कठीण. इटलीतील बोरेक्सिनो प्रयोगाने २०१५ साली दिलेल्या मर्यादेनुसार त्याचे सरासरी आयुष्य ६.६ गुणिले १० चा २८ वा घात इतक्या वर्षांहून अधिक आहे. त्याचे स्थैर्य दाबांच्या समतोलाने नव्हे, तर भाराच्या अक्षय्यतेने राखले जाते : त्याहून हलका भारित कण नसल्यामुळे त्याला विघटन पावण्यास वाटच नाही. प्वँकारे यांच्या प्रश्नाचे उत्तर अखेरीस असे मिळाले की इलेक्ट्रॉनापुरता तो प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला होता.

७. उपसंहार

या इतिहासातून संज्ञेविषयी काय निष्पन्न होते? आकार-गुणकांतील काही मूल्ये नियमांनी बांधलेली आहेत. एकूण संवेग, एकूण कोनीय संवेग, असंगत परिबलाचे शून्य ही मूल्ये अणूपासून इलेक्ट्रॉनापर्यंत कोठेही ढळत नाहीत, कारण ती कोणत्याही चित्रावर अवलंबून नाहीत. दुसरी मूल्ये चित्रातून आलेली आहेत. त्रिज्या, दाब, स्थैर्याची कसोटी ही त्यांची उदाहरणे. अणूसारख्या, जिचे सर्व घटक मर्यादित प्रदेशात सामावतात अशा वस्तूच्या बाबतीत ती सार्थ असतात; ज्या वस्तूबरोबर तिचे अमर्याद क्षेत्रही येते तिच्या बाबतीत ती मोडतात. मोडताना मात्र ती निरर्थक होत नाहीत. 'डी'ची अनंतता ही गणिताची चूक नसून इलेक्ट्रॉन आणि त्याचे क्षेत्र यांच्यात रेषा ओढता येत नाही, या सत्याचे ते संख्यात्मक निवेदन आहे.

मराठीत या विषयाचे अध्यापन करताना याची दखल घेणे अगत्याचे ठरेल. इंग्रजीतील 'फॉर्म' हा शब्द बाह्य आकृतीबरोबर घडण आणि तत्त्वरूप असे अर्थही वाहतो. मराठीतील 'आकार' हा प्रथम डोळ्यांना दिसणारी सीमारेषाच सुचवितो, आणि व्यवहारात तर तो लहानमोठेपणाचाही वाचक होतो. म्हणून 'आकार-गुणक' ही संज्ञा ऐकताच विद्यार्थ्याच्या मनात सीमा असलेली वस्तू उभी राहते; आणि इलेक्ट्रॉनाविषयीचे सत्य नेमके याच्या उलट आहे. संज्ञा बदलण्याचे कारण नाही, कारण रूढ झालेली संज्ञा मोडल्याने ज्ञानात भर पडत नाही. परंतु तिची व्याख्या अणूच्या चित्रापासून न देता, एका कणाला ठरावीक धक्का दिला असता तो अखंड राहून कितपत प्रतिसाद देतो, या क्रियेपासून दिली जावी. अशा व्याख्येत अणू, प्रोटॉन व इलेक्ट्रॉन हे तिघेही सामावतात, आणि आकार कोणाला आहे व कोणाला नाही हे ठरविण्याचे काम शब्दाकडे न राहता, जेथे ते असावयास हवे तेथे, म्हणजे गणिताकडे व प्रयोगाकडे जाते.